डबीवर ‘मिनरल’ लिहिलंय, तरी गाल का चुरचुरतात?

पत्र थोडक्यात असं: वाचक ३१ वर्षांच्या. रोज लोकलनं ठाण्याहून मुंबईला नोकरीला जातात. चेहरा पहिल्यापासून नाजूक. कुठलंही लिक्विड फाउंडेशन लावलं की तासाभरात चुरचुरायला लागतं. पार्लरच्या ताईंनी सांगितलं, ‘मिनरल पावडर घ्या, त्यात केमिकल नसतं.’ म्हणून ऑनलाइन चांगली महागाची डबी मागवली. दोन दिवस बरे गेले. मग गाडीत घाम आला की गालांना खाज आणि संध्याकाळी बारीक पुरळ सुरू झालं. दीड महिन्यावर दिराचं लग्न आहे. नणंद म्हणते, दुसऱ्या कंपनीची घे. सासूबाई म्हणतात, सगळं सोड आणि बेसन-हळद लाव. पत्राच्या शेवटी दोन गोष्टी ओघात आल्या आहेत. चेहरा लाल झाला की त्या मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब लावतात आणि तिनं लगेच बरं वाटतं. आणि टिकलीच्या जागी अधूनमधून खाजतं, ‘पण ते वेगळं’. त्यांचा प्रश्न: ‘पूर्णपणे केमिकल-फ्री मिनरल मेकअप कुठला? की माझी त्वचाच मेकअपच्या लायकीची नाही?’ सोबत डबीच्या मागच्या बाजूचा फोटो आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो वाचून वाईट वाटलं. मेकअपच्या लायकीची त्वचा आणि बिनलायकीची त्वचा असं काही नसतं. त्वचा चुरचुरते, खाजते, तेव्हा ती आपलं राखणीचं काम करत असते. समोर आलेल्या गोष्टींपैकी एखादी तिला सोसलेली नसते, आणि ती कुठली हे बहुतेकदा शोधता येतं. ज्याला हिंग सोसत नाही त्यानं फोडणीच बंद करायची नसते, हिंग वगळायचा असतो. फक्त त्यासाठी डबीच्या पुढच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. तुम्ही नेमका त्याच बाजूचा फोटो पाठवलात, हे फार बरं केलंत.

पार्लरच्या ताईंचा सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, पण त्यांनी दिलेलं कारण चुकीचं होतं. खनिज म्हणजे निरुपद्रवी, असं निदान आपण तरी मानू नये. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. जुन्या पद्धतीचा सुरमा म्हणजे शिशाचं सल्फाइड. तिन्ही अस्सल खनिजं आणि तिन्ही विषारी. आता उलट बाजू बघा. तुमच्या डबीत त्वचेचा रंग आणणारी जी आयर्न ऑक्साइडं आहेत, ती जमिनीतून खणून काढलेली नाहीत. निसर्गातल्या गेरूत शिसं, आर्सेनिक मिसळलेलं असू शकतं, म्हणून सौंदर्यप्रसाधनांसाठी ही ऑक्साइडं कारखान्यातच शुद्ध स्वरूपात तयार करतात. थोडक्यात, तुमच्या डबीतला सगळ्यात भरवशाचा रंग ‘नैसर्गिक’ नाही, आणि तो नाही हेच चांगलं आहे. ‘केमिकल-फ्री’ डबी शोधायचा नाद सोडून द्या. तशी डबी नसते, आणि तसं छापणारी कंपनी तुम्हाला उपयोगाचं काहीच सांगत नसते.

मग या पावडरी पुष्कळ नाजूक त्वचांना मानवतात त्या कशामुळे? त्यांत पाणी नसतं, हे मोठं कारण. लिक्विड फाउंडेशनमध्ये पाणी असतं. पाणी आलं की बुरशी आणि जिवाणू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं. त्यांतली काही ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहेत: मेथिलआयसोथायाझोलिनोन, आणि हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडणारी डीएमडीएम हायडँटॉइन, क्वाटर्नियम-१५ यांसारखी. कोरड्या पावडरीला यांची गरज पडत नाही. तुमच्या जुन्या फाउंडेशनच्या बाटल्या घरात असतील तर त्यांवर ही नावं शोधा. एकच नाव दोन-तीन बाटल्यांवर सापडलं तर तो मोठा धागा आहे. इथे पॅराबेनबद्दल एक गोष्ट सांगून टाकते, कारण ‘पॅराबेन-फ्री’ वाचलं की आपण निर्धास्त होतो. ॲलर्जीच्या बाबतीत पॅराबेन सगळ्यात सौम्य प्रिझर्व्हेटिव्हांपैकी आहे. अमेरिकेतल्या त्वचाॲलर्जी-तज्ज्ञांच्या संघटनेनं दर वर्षी ‘वर्षातला ॲलर्जन’, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, जाहीर करण्याची प्रथा मोडून २०१९ मध्ये पॅराबेनला ‘ॲलर्जन नसलेलं’ म्हणून निवडलं होतं. त्याच संघटनेनं २०१३ मध्ये मेथिलआयसोथायाझोलिनोनला वर्षातला ॲलर्जन ठरवलं होतं. पॅराबेन काढून त्याच्या जागी काय घातलंय, हे बघणं जास्त महत्त्वाचं.

आता तुमची डबी. फोटोत क्रमानं असं दिसतंय: मायका, टायटॅनियम डायऑक्साइड, बिस्मथ ऑक्सिक्लोराइड, झिंक ऑक्साइड, झिंक स्टिअरेट, लॅव्हेंडर ऑइल, लिनालूल. त्यापुढे ‘मे कंटेन’ म्हणून आयर्न ऑक्साइड, अल्ट्रामरिन (निळा रंग) आणि कार्माइन. यादीचा क्रम उगाच नसतो. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणेही जे घटक १ टक्क्यापेक्षा जास्त आहेत ते वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. त्याखालचे मागाहून कसेही लिहिले तरी चालतात. म्हणजे तुमच्या पावडरीत बिस्मथ ऑक्सिक्लोराइड तिसऱ्या क्रमांकाला आहे. चिमूटभर नाही, चांगलं भरपूर आहे.

माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. बिस्मथ ऑक्सिक्लोराइड हे मोत्यासारखी चमक देणारं, वजनदार आणि चपट्या स्फटिकांचं चूर्ण असतं. चेहऱ्याला छान चिकटतं, रेशमासारखं लागतं, म्हणून कंपन्यांचं लाडकं. पण मिनरल मेकअप वापरणाऱ्या बायकांकडून खाजेच्या जेवढ्या तक्रारी या एका घटकाबद्दल येतात तेवढ्या दुसऱ्या कुठल्याच खनिजाबद्दल येत नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकींचं म्हणणं तुमच्यासारखंच असतं: घाम आला की खाज सुटते. ही सहसा खरी ॲलर्जी नसते, त्वचेला झालेला नुसता त्रास असतो. त्यात ही पावडर ब्रशनं गोल गोल घासून बसवायची असते, त्यामुळे घासण्याची भर पडते. पुढची डबी घेताना यादीत हे नाव नको. लेबलावर कधी कधी नावाऐवजी रंगाचा क्रमांक असतो: सीआय ७७१६३.

दुसरा संशय लॅव्हेंडरवर. नैसर्गिक सुगंधी तेल आहे म्हणून त्याकडे तुमचं दुर्लक्ष झालं असेल. त्या तेलातला लिनालूल हा घटक हवेशी संपर्क येऊन जुना झाला की त्यातून तयार होणारी संयुगं ॲलर्जी आणणारी असतात, आणि दीड-दोन वर्षं पुरणारी पावडरीची डबी रोज उघडली जाते. युरोपातल्या नियमांमुळे लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल अशी सुगंधी नावं विशिष्ट प्रमाणाच्या वर असली की लेबलावर वेगळी लिहावी लागतात. तुम्हाला ही नावं वाचायला मिळतात ती अशा नियमांमुळेच. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूत मूळचा वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. म्हणून ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ शोधा आणि तरीही यादी वाचा.

कार्माइन, म्हणजे सीआय ७५४७०, खनिज नाहीच. कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला तो लाल रंग आहे. क्वचित कुणाला त्याची ॲलर्जी असते, आणि ज्यांच्या घरी कडक शाकाहार आहे त्यांना हे माहीत असायला हवं. ‘मे कंटेन’ या शब्दांचा अर्थ एवढाच की कंपनीच्या सगळ्या शेड्ससाठी एकच लेबल छापलंय; तुमच्या शेडमध्ये तो रंग असेल किंवा नसेलही. त्वचेच्या रंगाच्या पावडरीला कार्माइनची फारशी गरज नसते. ब्लश आणि लिपस्टिकमध्ये मात्र सापडतो.

राहिलेले घटक तुमच्या बाजूचे आहेत. झिंक ऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइड यांची ओळख तुम्हाला लहानपणापासून आहे. कांजिण्यांवर, घामोळ्यांवर आपल्याकडे कॅलामाइन लावतात ना, ते मुळात झिंक ऑक्साइडच, आणि त्याला गुलाबी छटा येते ती थोड्याशा आयर्न ऑक्साइडमुळे. मायका म्हणजे अभ्रक. त्वचेला सहसा त्रास देत नाही. अभ्रकाबद्दल एक वेगळी गोष्ट मात्र मनात राहू द्या. जगातलं बरंच अभ्रक झारखंड आणि बिहारमधून येतं. कोडरमा, गिरिडीहच्या पट्ट्यातल्या बेकायदा खाणींत लहान मुलं अभ्रक वेचतात, हे वारंवार उघड झालं आहे. हा प्रश्न सोडवण्यासाठी २०१७ पासून कंपन्या आणि संस्थांचा एक संयुक्त उपक्रम चालू आहे. ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ असं यादीत लिहिलं असेल तर ते प्रयोगशाळेत बनवलेलं अभ्रक. मला स्वतःला ते लेबलावर दिसलं की बरं वाटतं.

आता नणंदबाईंचं म्हणणं. कंपनी बदलून उपयोग होईलही, पण घटक तेच राहिले तर फक्त पैसे जातील. ‘हायपोॲलर्जेनिक’ किंवा ‘डर्मॅटॉलॉजिस्ट-टेस्टेड’ या शिक्क्यांवर विसंबू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९७५ मध्ये ‘हायपोॲलर्जेनिक’ म्हणवून घ्यायला चाचणी सक्तीची करणारा नियम केला होता. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे हा शब्द कंपनी म्हणेल त्या अर्थानं छापता येतो. किंमतही काही सांगत नाही. महाग डब्यांतही सुगंध आणि चमक असू शकते. एक पथ्य मात्र पाळा: कुठल्याही साइटवरून लेबल नसलेल्या छोट्या डबीत सुटी करून विकलेली पावडर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी.

इथपर्यंत पावडरीचं झालं. पण तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा माझं लक्ष त्या ट्यूबवर अडकलं.

चेहरा लाल झाला की लावायची, लगेच बरं वाटतं, चिठ्ठी लागत नाही, मेडिकलवाला नाव सांगितलं की देतो. या वर्णनाची ट्यूब बहुतेक वेळा स्टिरॉइडची असते. खोक्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही आहे का, ते आज घरी गेल्यावर बघा. काही ट्यूबांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र असतं आणि डाग घालवायला म्हणून त्या विकल्या जातात. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली आहे, तरी ती मिळतात हे तुम्हाला अनुभवानंच माहीत आहे. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी, ठरावीक जागी दिलं तर ते फार कामाचं असतं. पण महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुरमासारखं पुरळ येतं, उन्हानं आणि घामानं आग होते. मग साधं मॉइश्चरायझरही झोंबतं. लाली आली म्हणून पुन्हा ट्यूब, ट्यूब थांबवली म्हणून पुन्हा लाली. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हे इतकं बघावं लागलं की त्यांनी या अवस्थेला ‘स्टिरॉइड-डॅमेज्ड फेस’ असं नावच देऊन टाकलं.

तुमचं तसंच झालंय असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण आधी फाउंडेशन चालत नव्हतं, आता पावडर चालत नाही, आणि या सगळ्या काळात एक ट्यूब अधूनमधून चालूच होती; तेव्हा गुन्हेगार पावडरच आहे हे गृहीत धरू नका. त्वचेचं कवचच पातळ झालं असेल तर जगातली सगळ्यात साधी पावडरही तिला टोचेल, आणि आपण एकामागून एक डब्या बदलत राहू. ट्यूब स्टिरॉइडची निघाली आणि बरेच महिने वापरात असली, तर ती स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. एकदम थांबवल्यावर चेहरा भडकून उठतो आणि घाबरून माणूस पुन्हा तीच लावतो. ती कशी कमी करायची, हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील. पावडरीचं काय ते त्यानंतर.

आणि टिकलीचं ‘ते वेगळं’ नाही. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शिअरी ब्यूटाइलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं. त्यानं नुसती खाज येत नाही. काहींच्या कपाळावर कायमचा पांढरा डाग पडतो. कुंकवातले लाल रंग आणि सुगंध यांनीही ॲलर्जी होते, आणि आपल्या वर्णाच्या त्वचेवर ती लालीपेक्षा काळपट डागाच्या रूपानं दिसते, म्हणून ओळखू येत नाही. गोंद, रंग, सुगंध यांपैकी एखादी गोष्ट टिकलीतही असेल आणि मेकअपमध्येही असेल, हे अशक्य नाही. तूर्त टिकली बंद ठेवा. त्या जागी फिक्कट डाग दिसायला लागला असेल तर तो डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवा. नकली दागिन्यांनी कान किंवा गळा खाजत असेल तर तेही सांगा. ती निकेलची ॲलर्जी असू शकते, आणि खनिज रंगांत निकेलचे अंश सापडतात.

सासूबाईंच्या सल्ल्यातला ‘सगळं सोड’ हा अर्धा भाग मला पटतो. बेसन-हळदीचा अर्धा या वेळी नको. चांगल्या त्वचेवर बेसन ठीक, पण सुजलेल्या, पुरळ आलेल्या गालांवर कुठलंही पीठ चोळणं म्हणजे जखमेवर घासणं. हळदीचीही काहींना ॲलर्जी असते. लिंबू तर अजिबात नको. त्यांना सांगताना ‘डॉक्टरांनी सध्या काहीच लावू नको म्हटलंय’ असं सांगितलंत तर त्यांचाही मान राहील.

दोन-तीन आठवडे चेहऱ्याला सुटी द्या. बिनवासाचा सौम्य क्लेन्झर, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, बास. कोरड्या जागी पेट्रोलियम जेली चालेल. तिच्यात पाणी नाही म्हणून प्रिझर्व्हेटिव्हही नाही. मेकअप पुसायचे ओले वाइप्स फेकून द्या, सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह दोन्ही त्यांत भरपूर असतात. सनस्क्रीन झोंबत नसेल तर चालू ठेवा, झोंबत असेल तर या दिवसांत ओढणी, टोपी, छत्री.

त्यानंतर नवी पावडर घ्या. यादी जितकी छोटी तितकी बरी. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, आयर्न ऑक्साइडं, फार तर अभ्रक, सिलिका किंवा बोरॉन नायट्राइड. आयर्न ऑक्साइडांचे क्रमांक लक्षात ठेवायला सोपे आहेत: सीआय ७७४९१ लाल, ७७४९२ पिवळं, ७७४९९ काळं. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगांना पिवळ्याची मात्रा नीट असलेली शेड लागते. नाहीतर टायटॅनियम आणि झिंकच्या पांढरेपणानं चेहरा राखाडी दिसतो, आणि फोटोत फ्लॅश पडला की आणखीच. फिक्कट शेड घेऊ नका. गालावर वांग असेल तर आयर्न ऑक्साइडांचा एक जास्तीचा फायदा आहे: वांग वाढवणारा जो डोळ्यांना दिसणारा प्रकाश असतो, तोही ती अडवतात. मात्र पावडरीवर छापलेल्या एसपीएफवर, म्हणजे उन्हापासून संरक्षणाच्या आकड्यावर, भिस्त ठेवू नका. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजलेला असतो, आणि तेवढी पावडर चेहऱ्यावर कुणीच थापत नाही.

नवी डबी आली की थेट चेहऱ्याला लावायची नाही. कोपराच्या आतल्या घडीत, पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवर, मानवलेल्या मॉइश्चरायझरवर ती पावडर दिवसातून दोनदा लावा, ७ ते १० दिवस. एका दिवसाच्या चाचणीवर थांबू नका; ॲलर्जीची प्रतिक्रिया यायला दिवस लागतात, तुमच्या गालांनीही दोन दिवस वाट पाहिलीच होती. त्या घडीत घामही येतो, म्हणून तुमच्यासाठी ही जागा चांगली. एका वेळी एकच वस्तू तपासा. त्या जागी ट्यूब लावायची नाही, नाहीतर स्टिरॉइड प्रतिक्रिया दाबून ठेवेल आणि खोटा दिलासा मिळेल. काही झालं नाही तर पुढचे दोन-तीन दिवस जबड्याच्या कडेला, मग पूर्ण चेहरा. पापण्या सुजल्या, ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र वाट न बघता डॉक्टर गाठायचे.

लावायची पद्धतही बदला. मॉइश्चरायझर पूर्ण मुरू द्या, झाकणात चिमूटभर पावडर घ्या, ब्रश झाकणाच्या कडेवर झटका आणि गालावर हलकेच दाबत लावा, घासू नका. सुटी पावडर उडवू नका, फुंकर मारू नका, लेकरू जवळ असताना डबी उघडू नका. टायटॅनियम डायऑक्साइडसारखी बारीक पूड कातडीवर निरुपद्रवी असली तरी श्वासावाटे छातीत जाणं चांगलं नाही, आणि दमा असलेल्यांनी तर सुटीऐवजी दाबलेली पावडर घ्यावी. फक्त दाबलेल्या पावडरीत घटक एकत्र धरून ठेवायला तेल किंवा झिंक स्टिअरेट असतं, कधी प्रिझर्व्हेटिव्हही असतं, तेव्हा तिची यादी नव्यानं वाचा. ब्रश आठवड्या-दहा दिवसांनी सौम्य शाम्पूनं धुवून पूर्ण वाळवा. जुन्या पावडरीचा ब्रश नव्या डबीत बुडवला तर सगळी मेहनत वाया.

लग्नाचं गणित बसतं, पण जेमतेम. दीड महिन्यातले तीन आठवडे विश्रांतीत, दहा दिवस चाचणीत गेले तरी दोनेक आठवडे हातात राहतात. लग्नाआधीच्या पंधरवड्यात फेशियल, ब्लीच, पॉलिशिंग काहीही करू नका, घरातल्या सगळ्या बायका एकत्र पार्लरला निघाल्या तरी. मेकअप आर्टिस्ट बोलावली असेल तर पावडर आणि ब्रश तुमचा, हे आधीच सांगून ठेवा. तिचा प्रायमर आणि सेटिंग स्प्रे यांचीही तीच कोपराची चाचणी करावी लागेल, नाहीतर ते नकोत. मेंदीच्या दिवशी झटपट काळी रंगणारी मेंदी लावून घेऊ नका. तिच्यात केसांच्या डायमधलं पीपीडी घातलेलं असतं आणि त्यानं हातावर फोड येतात. आणि चेहरा तोवर शांत झालाच नाही, तर पावडरीशिवाय जा. पूर्वीपासून चालणारी लिपस्टिक, चांगली पैठणी, केसांत गजरा. दिराच्या लग्नात वहिनी म्हणून तुम्ही शोभालच, हे मी मनापासून सांगते. घाईनं न तपासलेली डबी लावून हळदीपासून पूजेपर्यंत चेहरा खाजवत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

त्वचारोगतज्ज्ञांची वेळ मात्र या आठवड्यातच घ्या. त्यांना ॲलर्जीचा संशय आला तर ते पॅच टेस्ट सुचवतील. यात पाठीवर संशयित घटकांच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. त्या दिवसांत पाठ भिजवायची नाही आणि घामानं पट्ट्या सुटतात, म्हणून लोकलची दगदग नसेल असे दिवस निवडा. सुट्टी मिळत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगून तारीख ठरवा. नेमका घटक सापडला की त्याची सगळी नावं लिहून घ्या. पुढं आयुष्यभर लेबलं वाचायला तो कागद पुरेल.

जाताना एक पिशवी भरून न्या: ही डबी, जुनी फाउंडेशन्स, सनस्क्रीन, फेसवॉश, शाम्पू, केसांचं तेल, टिकलीचं पाकीट. केसांना लावलेलं चेहऱ्यावर उतरतं, म्हणून तेही हवं. आणि ती ट्यूब, खोक्यासकट. खोकं फेकलं असेल तर रिकामी ट्यूब. ती दाखवायला संकोच वाटेल, कारण चिठ्ठीशिवाय घेतलेली आहे. पण डॉक्टर अशा ट्यूबा रोज बघतात. पिशवीतून सगळ्यात आधी तीच बाहेर काढा.